मुलाला ताप आला: पहिल्या रात्रीपासून पाचव्या दिवसापर्यंत

रात्रीचा दीड. झोपेत मुलाच्या मानेला हात लागतो आणि चटका बसतो. माझी लेक नऊ महिन्यांची असताना माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली. मी तिला दोन पांघरुणांत गुंडाळून छातीशी धरलं आणि पहाटेपर्यंत दर दहा मिनिटांनी थर्मामीटर लावत बसले. १०२, १०२.४, १०२.२. घरात तापाचं औषध होतं, पण तिचं वजन नक्की किती ते आठवेना, म्हणून अंदाजाने द्यायचा धीर झाला नाही. सकाळी डॉक्टरांसमोर मी रात्रभराचे आकडे घडाघडा म्हणून दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताप जरा उतरतो तेव्हा खेळते का? रात्रीत लघवी किती वेळा झाली?" दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढे दोन मुलं वाढवताना ताप कितीदा तरी आला आणि गेला. आता क्रम पक्का बसला आहे: मूल किती वयाचं, ते दिसतं कसं, आणि तापाचा दिवस कितवा. थर्मामीटरवरचा आकडा या तिघांच्या मागून येतो. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे. मूल बरं असताना वाचून ठेवा, कारण ताप चढल्यावर वाचायला डोकं जागेवर नसतं.

आधीची तयारी

एक डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉलची एक बाटली, तिच्यासोबत मिलिलीटरच्या खुणा असलेली तोंडाने औषध द्यायची सिरिंज, आणि एक वही. वहीच्या पहिल्या पानावर मुलाचं वजन तारखेसकट लिहा आणि दर दोन-तीन महिन्यांनी ते बदला. डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघडं असणारं जवळचं रुग्णालय, हेही त्याच पानावर. घरात अजून काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर तो वापरू नका. फुटला तर पारा घरभर विखुरतो आणि त्याची वाफ विषारी असते.

पायरी पहिली: ताप नीट मोजा

कपाळाला हात लावून "अंग गरम आहे" एवढंच कळतं. आपला हात गार असेल तर साधं अंगही गरम लागतं. मूल नुकतंच रडलं असेल, आंघोळ झाली असेल किंवा जाड कपड्यांत असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. काख कोरडी पुसा, थर्मामीटरचं टोक काखेच्या खोलगट भागात कातडीला टेकवा, मध्ये कपडा येऊ देऊ नका, आणि दंड छातीशी धरून ठेवा. 'बीप' वाजेपर्यंत सोडायचा नाही. चुळबुळणाऱ्या बाळाला मांडीवर आपल्या अंगाला टेकवून बसवलं की ते सोपं जातं.

काखेत ९९.५ फॅरेनहाइट म्हणजे ३७.५ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर ताप समजा. गुदद्वारात मोजला तर ही रेघ १००.४, म्हणजे ३८ सेल्सिअस. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा थोडा कमी येतो. त्यात मनाने अंश मिळवू नका; डॉक्टरांना आकडा सांगा आणि कुठे मोजला ते सांगा. कानात मोजायचं यंत्र सहा महिन्यांखालच्या बाळाला नको, आणि कपाळाला चिकटवायच्या पट्ट्यांवर मी विसंबत नाही.

एक गोष्ट माहीत असली की उगाच जीव टांगणीला लागत नाही. निरोगी शरीराचं तापमानही दिवसभर सारखं नसतं. पहाटे सर्वांत कमी आणि दुपार उलटून संध्याकाळ होताना सर्वांत जास्त असतं. आजारपणातही तसंच. सकाळी ९९ वर आलेला ताप संध्याकाळी १०२ झाला म्हणून आजार लगेच वाढला असं समजू नका.

ताप चढतो तेव्हा आत काय चालतं

जंतू आत शिरले की शरीरातले संरक्षक रेणू मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला निरोप देतात. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि शरीराचा ठरलेला आकडा वर सरकतो. समजा तो ९८ वरून १०२ झाला. आता ९८ वर असलेलं शरीर स्वतःला 'थंड' समजतं. म्हणून हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते, अंगावर काटा येतो, आणि तासाभरात अंग फणफणतं. आकडा परत खाली आला की घाम सुटतो. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं. जंतूंना काहीच करत नाही. त्यामुळे चार-सहा तासांनी ताप परत चढणं हे साहजिक आहे. औषध लागू पडलं नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

ताप मेंदूच्या ताब्यात असल्यामुळे तो सहसा १०६ च्या पुढे जात नाही, आणि साध्या संसर्गाच्या १०३-१०४ तापाने मेंदूला इजा होत नाही. उन्हात किंवा बंद गाडीत राहिल्यामुळे तापलेलं मूल ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. तिथे मेंदूने आकडा वाढवलेला नसतो, शरीराचा ताबा सुटलेला असतो. पॅरासिटामॉलचा तिथे उपयोग नाही. मुलाला लगेच गार जागी न्या, कपडे काढा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि रुग्णालय गाठा.

पायरी दुसरी: वय

तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे निघा. गुदद्वारात १००.४ किंवा काखेत ९९.५ च्या वर एकदाही गेलं तरी, रात्र असली तरी, बाळ छान दिसत असलं तरी. या वयात रक्तातला, लघवीतला किंवा मेंदूच्या आवरणातला संसर्ग बाहेरून काहीच न दाखवता वाढू शकतो. घरी औषध देऊन "सकाळपर्यंत बघू" असं करू नका, कारण औषधाने एकुलती एक खूणही झाकली जाते. उलट बाजूही लक्षात ठेवा: इतक्या लहान बाळाचं अंग ऊब देऊनही गार राहत असेल, ते दूध ओढत नसेल, तर तेही संसर्गाचं लक्षण असू शकतं.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०२.२ म्हणजे ३९ सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. त्याहून कमी असला तरी फोन करून विचारा. सहा महिन्यांच्या पुढे मात्र मूल दिसतं कसं, याला आकड्यापेक्षा जास्त वजन द्यायचं.

पायरी तिसरी: मूल बघा

ही पायरी घाईत करू नका. ताप भर चढलेला असताना कुठलंही मूल मलूल दिसतं. म्हणून औषध दिल्यावर तासाभराने, ताप थोडा उतरल्यावर बघा. डोळ्यांत डोळे घालतं का? आवाजाकडे वळतं का? खेळणं हातात घेतं का, थोडं का होईना हसतं का? १०३ चा ताप उतरून १०१ झाल्यावर उशीवरून उठून खेळायला लागणारं मूल मला कमी काळजीचं वाटतं. १००.५ वरही मान टाकून पडलेलं, उठवलं तरी परत ग्लानीत जाणारं मूल जास्त काळजीचं.

मग श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना छातीवरचा कपडा वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त: हा जलद श्वास. तापानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तेव्हाही जलदच असेल तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा. मोजताना बरगड्यांखालचा भाग दर श्वासाला आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतात का, कण्हल्यासारखा आवाज येतो का, हेही दिसतं. यातलं काही असेल तर मोजणी पुरी करत बसू नका, निघा. धाकट्याच्या वेळी मी त्याचा शर्ट वर केला तेव्हा बरगड्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. अंगावर कपडे असताना तो फक्त झोपलेला दिसत होता.

त्यानंतर पाणी. तापात अंगातलं पाणी नेहमीपेक्षा जास्त जातं. शेवटची लघवी कधी झाली ते आठवा, डायपर असेल तर त्याचं वजन हाताला सांगतं. आठ तासांत लघवी नाही, जीभ कोरडी, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळाची टाळू खोल गेलेली, या पाणी कमी पडल्याच्या खुणा.

शेवटी पूर्ण अंग उघडं करून बघा, पायांची बोटं आणि डायपरखालचा भागसुद्धा. लाल किंवा जांभळट ठिपके दिसले तर त्यावर काचेचा पारदर्शक पेला दाबा. काचेतूनही ठिपके तसेच दिसत राहिले, फिके पडले नाहीत, तर ते कातडीखालचं रक्त असू शकतं. अशा वेळी वाट बघायची नाही.

लगेच निघायचं कधी

मूल उठत नाही किंवा ओळखत नाही. श्वासाला त्रास आहे. ओठ निळसर आहेत. काचेखाली न मिटणारे ठिपके आहेत. मान ताठ आहे, हनुवटी छातीला लावता येत नाही, उजेड सहन होत नाही. बाळाची टाळू फुगलेली आहे. काहीच पोटात ठरत नाही, पाणीसुद्धा उलटून पडतं. रडणं थांबतच नाही आणि उचललं की आणखी वाढतं. एखादा हात किंवा पाय हलवत नाही. पहिल्यांदाच आकडी आली आहे. यातली एक गोष्ट पुरे. शिवाय मूल आधीपासून हृदयाचं, मूत्रपिंडाचं, सिकलसेलचं (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) रुग्ण असेल किंवा कर्करोगाचे उपचार घेत असेल तर त्याला वेगळा नियम लागू: ताप आला की त्याच्या डॉक्टरांना लगेच कळवायचं.

आणि एक, जे कुठल्या यादीत बसत नाही. आईला किंवा बाबांना मनापासून वाटत असेल की "हे नेहमीसारखं नाही", तर तेही डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. तुम्ही त्या मुलाला रोज बघता.

पायरी चौथी: औषधाचा हिशोब

औषध आकडा खाली आणण्यासाठी नसतं. मुलाला बरं वाटावं, ते पाणी प्यावं, झोपावं, एवढ्यासाठी असतं. १०१ ताप असून खेळणाऱ्या मुलाला औषध नाही दिलं तरी चालतं. शांत झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू नका.

पॅरासिटामॉलची मात्रा वयावर ठरवू नका, वजनावर ठरवा: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता नीट बघा, घोळ इथेच होतो. मूल १० किलोचं आहे, १५ च्या हिशोबाने १५० मिलिग्रॅम हवं. बाटलीवर "५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम" असेल तर एका मिलीत २५, म्हणून ६ मिली. "५ मिलीमध्ये २५०" असेल तर एका मिलीत ५०, म्हणून ३ मिली. आणि बाळांचे थेंब असतील, "१ मिलीमध्ये १००", तर फक्त दीड मिली. तेच मूल, तेच औषध, तीन वेगळी मापं. सवयीने त्या थेंबांतले ६ मिली दिले गेले तर चौपट मात्रा पोटात जाते, आणि पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृत निकामी करू शकतो. आमच्याकडे एकदा संपलेल्या बाटलीच्या जागी दुसरी आली. रंग तोच, झाकण तसंच, ताकद दुप्पट. वहीत "६ मिली" लिहिलेलं होतं आणि नवऱ्याने तेवढंच सिरिंजमध्ये भरलंही होतं. तेव्हापासून वहीत मिलीच्या आधी मिलिग्रॅम लिहितो, आणि रात्रीची मात्रा एकजण भरतो, दुसरा लेबल वाचतो.

स्वयंपाकघरातला चमचा माप म्हणून नको. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा, घशात पिचकारी मारू नका. अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर तीच मात्रा पुन्हा एकदा देता येते. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांत पॅरासिटामॉल असतंच, म्हणून दोन्ही एकत्र देऊ नका. औषधाने ताप साधारण दोन-तीन फॅरेनहाइटने उतरतो. १०४ चा १०१.५ झाला म्हणजे औषधाने काम केलं, ९८.६ ची वाट बघत दुसरी मात्रा लवकर देऊ नका. आणि औषधाने ताप झरझर उतरला म्हणून आजार साधा, असंही ठरवता येत नाही.

आयब्युप्रोफेन हे तापाचं दुसरं औषध सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या मुलाला, कांजिण्यांत आणि डेंगीची शंका असताना नको. माझं मत: डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी ते सुरू करू नये, आणि पॅरासिटामॉलशी आलटूनपालटून तर मुळीच नाही, कारण रात्री तीन वाजता कोणतं कधी दिलं हे कुणालाच आठवत नाही. अ‍ॅस्पिरिन मुलांना तापात देत नाहीत. विषाणूच्या तापात ते दिल्याने यकृत आणि मेंदूला सूज आणणारा, १९६३ साली वर्णन झालेला राय सिंड्रोम होऊ शकतो. निमेसुलाईड हे ताप-दुखण्याचं औषधही यकृताच्या धोक्यामुळे मुलांना नको. मागच्या आजारातलं उरलेलं अँटिबायोटिक मनाने सुरू करू नका. विषाणूंवर ते चालत नाही, आणि जिवाणूंचा संसर्ग असेल तर अर्धवट दिल्याने तपासण्यांचा घोळ होतो.

पांघरूण, पाणी, अंग पुसणं

हुडहुडी भरली असेल तर एक हलकं पांघरूण द्या. थरथर थांबून अंग तापलं की काढा. पातळ सुती कपडे, खोलीत हवा खेळती. त्या पहिल्या रात्रीची माझी दोन पांघरुणं चुकीची होती. उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती.

अंग पुसायला गार पाणी, बर्फ किंवा स्पिरिट घेऊ नका. कातडी गार पडली की शरीर पुन्हा थरथरून उष्णता बनवतं, आणि स्पिरिट कातडीतून व श्वासातून आत जातं. कोमट पाण्याने पुसल्याने काही मुलांना बरं वाटतं. मूल रडायला किंवा कुडकुडायला लागलं तर थांबा, पुसलंच पाहिजे असं काही नाही.

अन्नाचा आग्रह नको. पाणी, आईचं दूध, जे घेईल ते पातळ, थोडं थोडं पण वारंवार. जुलाब असतील तर ओआरएस.

आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षांमधल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. बघणाऱ्याला वाटतं मूल गेलं. डोळे वर जातात, अंग ताठ होतं, हातपाय झटके देतात. बहुतेक वेळा हे पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतं आणि मेंदूला इजा न होता मूल बरं होतं. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही घालू नका. दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. थांबली तरी पहिलीच असेल तर लगेच दाखवा. अशा तीनांतल्या एका मुलाला पुढे कधीतरी परत येते. तापाचं औषध वेळच्या वेळी देत राहिल्याने ती टळत नाही, त्यामुळे "मीच औषध उशिरा दिलं" हा बोल स्वतःला लावू नका.

पायरी पाचवी: दिवस मोजा

पहिला दिवस कोणता हे वहीत लिहा. विषाणूंचा ताप बहुधा तीन-चार दिवसांत ओसरतो. नाक वाहतंय, खोकला आहे, घरात अजून कुणाला तेच आहे, तर अंदाज सोपा. कान ओढत रडतं, गिळताना दुखतं, लघवी करताना कळवळतं, अशा खुणा डॉक्टरांना जागा दाखवतात. पण लहान बाळाला नुसताच ताप असेल, दुसरं काहीच नाही, तर लघवीची तपासणी करून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग तसाच लपतो. दात येण्याला मोठा ताप चिकटवू नका. लसीनंतर दिवस-दोन दिवस ताप येऊ शकतो, गोवराच्या लसीनंतर तो पाच ते बारा दिवसांनीही येतो.

तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर दाखवा. मलेरिया किंवा डेंगीच्या भागात राहत असाल किंवा तिथून आला असाल तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्त तपासा. डेंगीत एक फसवं वळण आहे: तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि धोक्याचे तास तेव्हाच सुरू होतात. ताप नाही पण पोट जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, हातपाय गार आहेत, मूल सुस्त आहे, तर तेव्हाच रुग्णालय. याउलट तीन-चार दिवसांचा मोठा ताप एकदम उतरून अंगावर गुलाबी पुरळ आलं आणि मूल मजेत असेल, तर तो बहुधा रोझिओला, लहान मुलांचा एक विषाणूजन्य आजार. एकदा दाखवून घ्या.

ताप गेला, एक-दोन दिवस बरे गेले आणि परत चढला तर नवा संसर्ग जोडला गेला असू शकतो, कानाचा किंवा छातीचा. आणि पाच दिवस सलग ताप, सोबत लाल डोळे, फुटलेले लाल ओठ, पुरळ, सुजलेले तळहात-तळपाय यांपैकी काहीही दिसत असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, "कावासाकी असू शकेल का?" या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सूज येते आणि उपचार पहिल्या दहा दिवसांत सुरू झाले तर इजा टळण्याची शक्यता खूप वाढते.

वहीतलं पान

माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "मंगळवार, दिवस २. पहाटे ४.१०, काखेत १०२.६. पॅरासिटामॉल १५० मिग्रॅ (६ मिली). ५.१५ ला १००.८, दूध घेतलं, बाहुली मागितली. श्वास ३४. लघवी ५.३०, भरपूर." डॉक्टरांकडे जाताना हे पान आणि औषधांच्या बाटल्याच सोबत न्या. "काहीतरी गुलाबी औषध दिलंय" यावरून कुणालाच काही कळत नाही.

औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल आणि मूल खेळत-खात असेल तर शाळा किंवा पाळणाघर सुरू करायला हरकत नाही. भूक परत यायला आठवडाही लागतो. ताप गेल्यावर मुलाचं वजन करून पहिल्या पानावर नव्याने लिहा, सिरिंज गरम पाण्याने धुऊन वाळवा, आणि बाटली कधी उघडली ती तारीख पेनाने लेबलावर टाका.